तयार कानांचा उपयोग चित्रांसाठी व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रप्रदर्शनात 'मला यातलं काही कळत नाही' हे वाक्य हमखास कानावर पडतं. तोच माणूस गाणं ऐकताना मात्र असं म्हणत नाही. धृपद परत आलं की तो ओळखतो, समेवर त्याची मान आपोआप डोलते. इतके तयार कान असलेल्या प्रेक्षकाला आपण चित्रासमोर नुसतं उभं करतो आणि हातात माहितीपत्रक देतो, याची मला मनापासून खंत वाटते.

डच अमूर्त चित्रकार पीट माँद्रियानचं 'ब्रॉडवे बूगी वूगी' (१९४२-४३) हे चित्र पाहा. पहिल्या नजरेला पिवळ्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्यावर लाल, निळे, करडे चौकोन, इतकंच दिसतं. आता पियानोवरचं बूगी-वूगी, म्हणजे ज्या अमेरिकी नाचऱ्या संगीतावरून चित्राला नाव मिळालं ते, पाच मिनिटं ऐकवा. डावा हात एकच ठेका धरून असतो, उजवा त्या ठेक्याला सतत हुलकावणी देतो. मग पुन्हा चित्राकडे वळलं की नजर त्या चौकोनांवरून उड्या मारू लागते, मध्येच अडते, दिशा बदलते. वर्षानुवर्षं वापरलेल्या काळ्या रेषा माँद्रियानने इथे का सोडल्या असतील, हे मग फारसं समजवावं लागत नाही.

ही वाट आपल्याला नवी नाही. मूर्तिकला शिकायची तर आधी चित्र, त्यासाठी नृत्य, त्यासाठी वाद्य आणि त्याआधी गीत जाणावं लागेल, असं विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात. रागमाला चित्रांत तर रागच रंगवलेले आहेत. वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या सुरांनी ओढली गेलेली हरणं, ही तोडी रागिणी. तिच्यासमोर तोडीची संथ आलापी ऐकवायला काय हरकत आहे? अर्थात आजची तोडी आणि त्या चित्रकारांच्या काळची तोडी एकच, असा दावा करू नये.

दालनभर मंद संगीत लावून ठेवण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. उदास सूर लावले की कुठलंही चित्र उदास भासतं. संगीत आधी ऐकवावं, किंवा दोनदा बघण्याच्या मध्ये. बघताना शांतताच हवी.

कधी कधी तर वाद्याचीही गरज नसते. जर्मन चित्रकार होल्बाइनच्या 'द अँबॅसेडर्स' (१५३३) या चित्रात खालच्या फळीवर ल्यूट हे तंतुवाद्य ठेवलेलं आहे. 'हे आत्ता वाजवलं तर कसं वाजेल?' एवढंच मुलांना विचारावं. उत्तरासाठी ती तारा निरखतील आणि तुटलेली तार त्यांची त्यांनाच सापडेल. तुटलेली तार ही सूर बिघडल्याची खूण मानली जाते, म्हणून त्या काळातल्या युरोपातल्या धार्मिक बेबनावाबद्दल बोलायला तिथून सुरुवात करता येते.

आपल्या कलाविषयक सदरात चित्राच्या छायाचित्राखाली ऐकण्याजोगी एखादी रचना सुचवावी आणि ती ऐकल्यावर चित्रात नेमकं कुठे पाहायचं, हे दोन ओळींत द्यावं, अशी विनंती.

आपला,
एक चित्ररसिक वाचक