दुकानातले मासे आणि उजनीतला सकर

ग्लासगो, नोव्हेंबर २०२५

ती. दादा, सौ. आई आणि आज्जीस शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलं तर दादा ‘बरं बरं’ म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईचा पहिला प्रश्न, “मासळी कापायला लागते का गं?” म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते. आज्जीला मोठ्याने वाचून दाखवा.

हे खायच्या माशांचं दुकान नाही. काचेच्या टाक्यांत पाळायचे मासे आम्ही विकतो. सत्र चालू असताना माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांच्या वर काम करताच येत नाही, त्यामुळे अभ्यासाची काळजी करू नका. तासाला १२ पौंड २१ पेन्स मिळतात. सरकारने २०२५ मध्ये लागू केलेला किमान दर तोच आहे. त्यात भाडं निघत नाही, पण किराणा आणि बसचा पास निघतो.

बाहेर चारच्या सुमाराला अंधारतं आणि आत टाक्यांचं पाणी २५ अंशांवर, त्यामुळे दारातून आत आलं की चष्म्यावर वाफ धरते. सकाळी गेल्या गेल्या प्रत्येक टाकी बघायची, मेलेले मासे काढायचे, वहीत लिहायचं. मग काचेवरचं शेवाळ खरवडायचं आणि पाणी बदलायचं. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी. एकीची दुसरीत बुडवली तर रोग पसरतो.

माल येतो त्या दिवशी मजा असते. थर्माकोलच्या खोक्यांत प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्या, आणि त्यांत सिंगापूरहून विमानाने आलेले मासे. पिशवी आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. एकदा उघडली की मात्र रेंगाळायचं नाही. प्रवासात माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे त्यांच्याच मलमूत्रातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो आणि अमोनिया विषारी व्हायला लागतो. मालक मला हे दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले. त्यांचं स्कॉटिश इंग्रजी मला निम्मंच कळलं, बाकीचं त्यांच्या हातांकडे बघून.

पण विकण्यापेक्षा ‘आज नको’ म्हणण्यातच माझा जास्त वेळ जातो. लोकांना टाकी आणि मासे एकाच दिवशी हवे असतात. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते वाढायला महिना-दीड महिना लागतो. जुन्या टाकीच्या फिल्टरमधला थोडा स्पंज नव्या टाकीत घातला तर काम लवकर होतं. आई, दुधाला विरजण लावतेस ना, अगदी तसंच. सोळा वर्षांखालच्या पोरांना मासा विकायचाच नाही असा इथे कायदा आहे. जत्रेत बक्षीस म्हणून गोल्डफिश द्यायलाही स्कॉटलंडमध्ये बंदी आहे. मला हे फार आवडलं.

पाण्याचं ऐका. या शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन नावाच्या डोंगरातल्या तलावाचं पाणी येतं. त्यात क्षार जवळजवळ नाहीत, किटलीत पांढरा थर म्हणून धरत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आई कटकट करते, पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना असलंच जड पाणी लागतं. आपल्याकडे फुकट येतात ते क्षार आम्ही इथे डब्यातून मोजून टाकतो. आणि हे निळे-पिवळे मासे कोण माहितेय? आपल्या चिलापी माशाचे भाऊबंद! चिलापीही आफ्रिकेचीच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. भिगवणला रश्श्यात पडते तिची ही नातलग मंडळी इथे दिव्याखाली मिरवतात. गप्पीसुद्धा आहेत. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं भिंतीवर रंगवून आरोग्य खात्याची माणसं हौदात फुकट सोडून जायची, ते. इथले लांब झुपकेदार शेपटीचे आणि पैसे मोजून घ्यायचे.

आता मामाला मुद्दाम सांगा. त्याची जाळी फाडणारा, अंगावर चिलखतासारखे खवले असलेला तो सकर मासा आमच्या दुकानात आहे. बोटाएवढा. काचेला तोंड लावून शेवाळ खातो, म्हणून लोकांना गोड वाटतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो फूट-सव्वा फुटाचा होतो हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. मग टाकीत मावेना झाला की ‘मारायचा कसा’ म्हणून माणूस नदीत सोडून देतो. आपल्याकडे असेच कोणीतरी सोडले असणार, आणि आता भीमेवरच्या उजनी धरणात जाळ्यात काटे अडकवून बसतात. बाजारात त्यांना भाव नाही, सोडवताना मामाची बोटं फाटतात. इथल्या क्लाइड नदीत सोडला तर हिवाळ्यात गारठून मरेल, म्हणून इथल्या लोकांना त्याचा त्रास माहीतच नाही. भीमेचं पाणी त्याला बाराही महिने मानवतं.

परवा एक बाई सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. टाकी बादलीएवढी आणि त्यात हाच हवा. मी हाताने लांबी दाखवली तर नातू हसला, त्याला वाटलं मी थापा मारतेय. बाईंनाही तसंच वाटलं असावं. शेवटी गोगलगाई घेऊन गेल्या. मालकांना विचारलं, “विकायचाच कशाला?” म्हणाले, मोठ्या टाक्यावाले घेतात, आणि आपण नाही ठेवला तर दुसऱ्या दुकानातून न विचारता घेऊन जातील. मला हे पटलं नाही, पण दुकान त्यांचं आहे.

दादा, उसाची तोड कधी आहे ते कळवा. आज्जीचा गुडघा शेकताय ना? मी जेवते वेळेवर, डाळ इथल्या पाण्यात झटकन शिजते.

आणि मामाला एवढा निरोप द्या: पुढच्या वेळी जाळ्यात मोठा सकर आला की फेकायच्या आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. हात पण दिसू दे. मालकांना विचारून ठेवलंय, टाकीवर चिकटवायला त्यांची हरकत नाही.

तुमची,
छकुली