'नापिकी' एवढ्या एका शब्दात आमचं वावर मावत नाही

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली शेतकरीण. चार एकर कोरडवाहू आहे. गावात कुणाला अर्ज लिहून हवा असला की माझ्याकडे येतात. बरीच वर्षं हे करते आहे, म्हणून शब्दांबद्दलच लिहिते.

आमच्याकडे पीक एकाच तऱ्हेनं जात नाही. बी मातीतच राहिलं तर म्हणतात 'उगवलंच नाई'. २०२० च्या खरिपात सोयाबीनचं हेच झालं, राज्यभर तक्रारी झाल्या. झाड हिरवंगार, फुलं येऊन गळून गेली, तर 'लागलंच नाई'. शेंग धरली पण दाणा भरला नाही, तर ती 'पोचट'. अळीनं पोखरलेल्या बोंडातून पिवळा, चिकटलेला कापूस निघतो, ती 'कवडी'. व्यापारी ती बघूनच भाव पाडतो. आणि वेचणी अर्ध्यावर सोडून पऱ्हाटी उपटायची पाळी आली, तर 'उलंगवाडी झाली' म्हणतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा ज्याला त्याला विचारा, हाच शब्द ऐकू यायचा. यातल्या प्रत्येक शब्दात कारण सांगितलेलं आहे. बियाणं, पाऊस, रोग, अळी. जाब कुणाला विचारायचा तेही कळतं. सरकारी कागदावर या सगळ्यांची मिळून 'नापिकी' होते आणि जाब विचारायला कुणी उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंच्या वावरात पाहणीला माणसं आली होती, तेव्हा मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होते. सोयाबीन मांडीएवढं वाढलेलं. काकूंनी एक शेंग तोडली, नखानं उकलली आणि तळहात पुढे केला. आत तांदळाच्या कणीएवढे तीन ठिपके होते. "हे पाहा ना साहेब, लागलं नाई काहीच." कागदावर काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: 'पीक उभे आहे.' खोटं नव्हतं ते. पीक उभंच होतं. दिवाळीला मळणी झाली तेव्हा एकरी झडती, म्हणजे उतारा, एका पोत्याचीही आली नाही. कापणी आणि मळणीची मजुरीच त्याहून जास्त झाली होती.

त्या वर्षी आमच्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर गेली. ही पद्धत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. गावात निवडलेल्या प्लॉटवर कापणी करायची, निघालेलं उत्पन्न ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं आणि रुपयात किती पैसे पीक आलं ते काढायचं. ५० च्या आत आली तर पीक बुडालं असं धरतात आणि सवलतींचा विचार होतो. वर गेली तर गाव पिकलं. विदर्भात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. तेव्हा तूर वावरातच असते आणि कापसाचे वेचे बाकी असतात. गावाची सरासरी निघते हे मला समजतं. पण सरासरी आली म्हणून काकूंच्या कोठीत दाणा येत नाही.

याहून जड शब्द आहे 'अपात्र'. शेतकरी आत्महत्येच्या मदतीचे निकष २००६ च्या शासन निर्णयात आहेत: नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा. निकषात बसलं तर 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. मदत १ लाखाची. ती नाकारलेल्या एका घरातल्या मुलीला मी पत्र वाचून दाखवलं होतं. तिनं विचारलं, "अपात्र कोण, बाबा?" मी तिला सांगितलं की प्रकरण अपात्र ठरलंय, तुझे बाबा नाहीत. पण पत्रात तिच्या बाबांचं नाव होतं आणि त्याच ओळीत तो शब्द होता. मदत द्यायची की नाही ते नियमानं ठरवा. नाही द्यायची तर 'मदत मंजूर करता आली नाही' असं लिहा. तेवढी मराठी सरकारला येते.

एक गोष्ट बाई म्हणून सांगते. सभागृहात आणि पेपरात 'वांझोटी चर्चा', 'वांझोटी घोषणा' असं सर्रास चालतं. आमच्याकडे लेकरू नसलेल्या बाईला आजही ओटी भरायला मागे ठेवतात. बैठकीतून काही निघालं नाही, तर 'काही निघालं नाही' म्हणा. त्यात त्या बाईला ओढू नका.

माझं मागणं मोठं नाही. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: 'शेतकऱ्याच्या शब्दांत'. तिथं उगवलं नाही, लागलं नाही, पोचट, कवडी, उलंगवाडी, जो सांगेल तो शब्द जसाच्या तसा लिहावा, त्याला वाचून दाखवावा आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. या खरिपाचे पंचनामे सुरू व्हायच्या आत हा नमुना तलाठ्यांच्या हाती पडावा. काकूंनी तेच सोयाबीन यंदा पुन्हा पेरलंय.

आपली,
दारव्हा तालुक्यातली एक शेतकरीण