शेजारच्या काकांना, जाहीर आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

राजारामपुरीतल्या आमच्या घरात लग्नाच्या अल्बमचं काम चालतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मूळ फोटो खाली मामंजींच्या खोलीतल्या विंडोज १० वर, डिझाइन वर माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर, आणि मधे पेनड्राइव्ह घेऊन जिना. खालचे फोटो वर थेट दिसावेत म्हणून दुरुस्तीवाल्यानं सोपा मार्ग सुचवला होता: फायरवॉल बंद करा, जुनं एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, फोल्डर 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्यांनाच, देऊन टाका. तसं केलं असतं तर फोटो दिसलेही असते. तुम्ही सरळ नाही म्हणालात, आणि त्या 'नाही'साठीच हे पत्र.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भगदाडातून, हे तुमच्याकडूनच कळलं. "लोकांच्या लेकीसुनांचे फोटो हायत, दार सताड उघडं ठेवून झोपतीस काय?" हे तुमचं वाक्य घरात अजून गाजतंय.

मग तुम्ही बसलात. लॅपटॉपनं घरचं वायफाय 'पब्लिक', म्हणजे परकं, धरलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलंत आणि फाइल शेअरिंग चालू केलंत. खालच्या मशीनवर फक्त शेअरिंगसाठी वेगळा युजर काढलात, पासवर्डसकट, कारण पिन त्या त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. फोल्डरच्या 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' अशा दोन्ही टॅबमध्ये परवानगी द्यावी लागते आणि दोन्हींतली कडक असेल तीच लागू होते, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताही पक्का केलात, म्हणजे लाइट जाऊन आली तरी पत्ता तोच. मामंजी मूळ फोटोंच्या बाबतीत धास्तावलेले, म्हणून तो फोल्डर मला फक्त वाचण्यापुरता दिलात. हे मला सगळ्यात आवडलं.

आता धाकट्या दिरांचं लिनक्सचं मशीन राहिलंय. त्यावरचा फोल्डर आम्हाला दिसायला सांबा नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल, असं म्हणाला होतात. सवडीनं या. मात्र नुसत्या चहावर सुटका नाही, असं सासूबाईंनी कळवायला सांगितलंय.

आपली,
वरच्या मजल्यावरची सूनबाई