परक्या किनाऱ्यावर आठ मीटर रुंदीची जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रोएशियातल्या बोटीवरच्या सुट्टीबद्दल लेख आला होता. लेख छान होता, फोटोही सुरेख होते. पण त्यातलं एक वाक्य वाचून मी कात्रण काढून ठेवलं आणि आज हे पत्र लिहायला बसलो. "मोठी कॅटामरान घ्या, दिवसभर फिरा आणि संध्याकाळी मनाला येईल त्या गावी बांधा," असं ते वाक्य. गेल्या जुलैत आम्ही दहा माणसं नेमकं हेच डोक्यात घेऊन निघालो होतो. त्यात माझी सहा वर्षांची नात होती. म्हणून कळकळीने लिहितो आहे.

मी देवगडचा. वडील मच्छीमार होडीवर तांडेल होते. मी स्वतः एकतीस वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. समुद्र मला नवा नाही. पण जहाजाला जागा एजंट बघतो, पायलट आत घेतो, आणि खाली आम्हाला इंजिन बंद करायचा हुकूम येतो तेव्हा कळतं की बंदर लागलं. परक्या किनाऱ्यावर जागा स्वतः शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. तिथून गाडीने एका दिवसात क्रोएशियाचा किनारा गाठता येतो. शिवाय २०२३ च्या १ जानेवारीपासून तिथे युरो चालतो आणि शेंगेनचा व्हिसाही चालतो, त्यामुळे जर्मनीतली आपली मंडळी उन्हाळ्यात तिकडे बरीच जातात. जावयाकडे बोट चालवायचा जर्मन परवाना आहे, वायरलेसचा दाखलाही आहे. हे दोन्ही असल्याशिवाय तिथे भाड्याची बोट हातात देत नाहीत. बरोबर त्यांचं एक मित्रकुटुंब होतं, नागपूरकडचं. दहा माणसं म्हणजे मोठी बोट हवी, म्हणून ४६ फुटी कॅटामरान घेतली.

मुंबईकरांना कॅटामरान म्हटलं की गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट आठवते. ही शिडाची, पण तशीच दोन सांगाड्यांची. लांबी १४ मीटर आणि रुंदी आठ मीटरला जेमतेम चार सेंटिमीटर कमी. तीन एस. टी. गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर साधारण तेवढी जागा होते. एवढ्याच लांबीची एका सांगाड्याची शिडाची बोट साडेचार मीटरच्या आतबाहेर असते. सगळी अडचण या फरकात आहे. तिथले बरेचसे जुने धक्के एका सांगाड्याच्या बोटींच्या मापाने आखलेले आहेत. बोट मागे मागे आणून तिची पाठ धक्क्याला लावायची आणि नाक समुद्राकडे ठेवायचं, अशी तिकडची पद्धत. धक्क्यावर मोजतात ती रुंदी. आपण दोन बोटींची जागा खाणार, म्हणून पुष्कळ ठिकाणी कॅटामरानला दीडपट, कुठे कुठे दुप्पट दर लावतात. आणि ऐन उन्हाळ्यात तेवढे पैसे द्यायची तयारी असली तरी जागा असेलच असं नाही.

भाड्याच्या बोटी तिथे शनिवार ते शनिवार देतात. आम्हाला स्प्लिट शहराजवळ, भाड्याच्या बोटींच्या तळावर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बोट मिळाली, रात्र तिथेच काढली आणि रविवारी सकाळी हवार बेटाकडे निघालो. शनिवारी बोट मिळालेलं प्रत्येक कुटुंब रविवारी सकाळी निघतं आणि त्यातली निम्मीअधिक हवारच्याच वाटेला लागतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दुपारी चारला पोचलो. हवार गावाचं बंदर तोपर्यंत भरून वाहत होतं. जावयाने वायरलेसच्या १७ नंबरच्या चॅनेलवर एकेका मरिनाला, म्हणजे बोटी बांधायच्या खासगी बंदराला, विचारायला सुरुवात केली. पलीकडून आधी लांबी विचारत, मग "मोनो की कॅट?", म्हणजे एका सांगाड्याची की कॅटामरान. कॅट म्हटलं की "सॉरी, फुल." तीन ठिकाणी हेच झालं. त्यातल्या एका ठिकाणी आमच्यानंतर विचारणाऱ्या छोट्या बोटीला आत घेतलेलं मी कानाने ऐकलं. त्यांचं चुकलं नाही. चार मीटरच्या फटीत आठ मीटरची बोट कोण कशी घालणार?

माझी बायको मालवणची. सूर्य कलायला लागला तसं तिने एवढंच विचारलं, "आता खंय?"

समोरच पाकलेनी बेटं आहेत. तिथल्या एका खाचेत आम्ही नांगर टाकला. बोये, म्हणजे बोट बांधायला तळाशी साखळीने जखडलेले तरंगते गोळे, आधीच गेलेले, उरलेल्या जागेत बोटींची दाटी. पाणी १४ मीटर, साखळी सोडली ५० मीटर. खरं तर खोलीच्या निदान पाचपट सोडायला हवी होती, पण तेवढी सोडली तर बोट फिरताना शेजाऱ्यावर जात होती. खाली समुद्राचा तळ गडद दिसत होता. गडद म्हणजे गवत आणि फिकट निळं म्हणजे वाळू, हे मी वाचलेलं होतं. पण उजेड संपत आला होता, मुलं भुकेली होती, आणि मी काही बोललो नाही. ती माझी चूक.

रात्री दोन-अडीचला दक्षिणेकडून वारा सुटला. बोटीने तोंड फिरवलं आणि नांगर सुटल्याची घंटा वाजली. मी वर आलो तेव्हा मागच्या बोटीवरचं जोडपं हातात फेंडर (टक्कर झालीच तर मध्ये धरायच्या फुगीर उशा) धरून, आमच्याकडे डोळे लावून उभं होतं. दोन बोटींमध्ये एखादी होडी बसेल एवढंच अंतर उरलं होतं. दोन्ही इंजिनं चालू केली आणि साखळी ओढून घेतली. नांगर वर आला तो गवताची भलीमोठी पेंढी कवटाळून. लांब, हिरव्यागार पात्यांची पेंढी, बांधून ठेवल्यासारखी. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत. ते फार सावकाश वाढतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात, आणि भूमध्य समुद्रात आता ते जपायची धडपड चालू आहे. आमच्या नांगराने त्याचा किती वर्षांचा पट्टा उपटला कोण जाणे. मासे मारणाऱ्याचा मुलगा असून हातून हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. चाकूने पाती सोडवून आम्ही खाचेबाहेर गेलो आणि उजाडेपर्यंत बेटाच्या आडोशाला हळूहळू घिरट्या घालत राहिलो. नात लाइफ जॅकेट घालून आजीच्या मांडीवर झोपली होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता जावई आणि मी कागद घेऊन बसलो. आधी जागा, मग वाट, असं ठरवलं. त्या दिवसापासून उरलेला आठवडा सुरळीत गेला, म्हणून काय केलं ते लिहितो.

पहिली गोष्ट आम्हाला धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितली. भाड्याच्या बोटींचे तळ शुक्रवारी आणि शनिवारी रात्री गच्च असतात, कारण सगळ्या बोटी घरी असतात. रविवार ते गुरुवार त्याच बोटी बाहेर फिरत असतात, म्हणजे त्यांच्या जागा मोकळ्या! आणि हल्ली या तळांवर कॅटामरानच जास्त, त्यामुळे जागाही रुंद. म्हणजे नावाजलेल्या गावाच्या मागे न लागता मधल्या वारी अशा तळावर फोन करून एका रात्रीची जागा मागायची. बुधवारी ब्राच बेटावरच्या मिल्ना या आडोशाच्या गावात आम्हाला तरंगत्या जेट्टीच्या अगदी टोकाची जागा मिळाली. टोकाला बोट आडवी लागते, तिथे रुंदीचा प्रश्नच उरत नाही. फोनवर "टोकाची जागा आहे का?" असं विचारायचं, हे तेव्हापासून पाठ झालं. त्या रात्रीचे दोनशे युरोंवर गेले, पण पाणी, वीज आणि शांत झोप मिळाली.

दुसरी गोष्ट म्हणजे खानावळी. तिकडे त्यांना कोनोबा म्हणतात. लहान लहान खाचांत एखादंच घर असतं, समोर चार-सहा बोये त्याच घराने टाकलेले. तिथे जेवणार असाल तर बोया फुकट. हवारच्या दक्षिण बाजूला अशा एका घरी जावयाने सकाळी फोन लावला. बाईंनी आधी माणसं किती विचारलं, मग बोटीची रुंदी, मग पेका करू का म्हणून. पेका म्हणजे लोखंडी झाकणाखाली, वर निखारे टाकून भाजलेलं मटण नाहीतर ऑक्टोपस, बटाट्यांबरोबर. त्याला काही तास लागतात, म्हणून आधी सांगावं लागतं. आपल्याकडे घरगुती खानावळीत सकाळी निरोप दिल्याशिवाय संध्याकाळी मोदक मिळत नाहीत, तसंच. संध्याकाळी पोचलो तर बाईंचा मुलगा होडीतून समोर आला आणि त्याने सगळ्यात बाहेरचा बोया आमच्यासाठी राखला होता, कारण तिथे बोट फिरायला जागा होती. दोर त्याने स्वतःच्या हाताने ओवून दिला. बोया कुणाचा, शेवटचा कधी तपासला, हे मात्र तोंडाने विचारून घ्यावं. मी तर पाण्यात उतरून खालची साखळी बघून आलो.

वाऱ्याचंही समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे किनाऱ्यावर खारे वारे, मतलई वारे आणि उधाणाचे दिवस बघून होडी सोडतात. तिकडे भरती-ओहोटी नावापुरती असते. आमच्या खाडीत ओहोटीला होडी चिखलात बसते, तिकडे धक्क्याची ओली रेघ वीतभरसुद्धा सरकत नव्हती. तिथे सगळं वाऱ्यावर. दुपारचा माएस्त्राल वायव्येकडून येतो आणि संध्याकाळी पडतो, तो सभ्य. युगो आग्नेयेकडून लाटा घेऊन येतो. आणि बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून कोसळल्यासारखा, आभाळ निरभ्र असताना. कुठलं बंदर कुठल्या वाऱ्याला उघडं आहे ते नकाशावर बघूनच रात्रीची जागा धरायची. हवार गाव दक्षिणेला उघडं. विस बेटावरचं कोमिझा पश्चिमेला उघडं. तिथले बोये आम्हाला मिळत होते, पण पश्चिमेची लाट येणार म्हणून आम्ही सोडून दिले. विसला मला फार जायचं होतं. १९८९ पर्यंत ते लष्करी बेट होतं, परदेशी माणसाला पाऊल ठेवता येत नसे. राहून गेलं.

धक्क्याला लागताना खालून एक दोर उचलून देतात. तो वर्षभर पाण्यात असतो, शेवाळाने बुळबुळीत आणि शिंपल्यांनी धारदार. नागपूरकर मित्राचा तळहात पहिल्याच खेपेला कापला. जाड हातमोजे घ्या. आणि तो दोर वर येईपर्यंत त्या बाजूच्या इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरता कामा नये. दोर पंख्यात गेला की आठवडा संपला, हे इंजिनिअर म्हणून सांगतो.

आता आम्ही ज्या पर्यटन कंपनीकडून ही सहल घेतली तिच्याबद्दल. नाव देत नाही, कारण एका कंपनीपुरता हा प्रश्न नाही. त्यांच्या माहितीपत्रकात बोटीचं भाडं होतं, इंधन होतं, चादरी-टॉवेलसुद्धा होते. रात्रीच्या जागेचं भाडं वेगळं पडतं आणि ते कॅटामरानला जास्त पडतं, याची एक ओळ नव्हती. मी फोन केला तर तिथल्या मुलीने "काका, तिकडे हजार बेटं आहेत, जागेला काय तोटा?" असं मनापासून सांगितलं. बेटं हजाराहून जास्त आहेत, खरंच. पण जुलैत बोटीही तशाच असतात, आणि जिथे आठ मीटर रुंदी, पुरेसं पाणी आणि त्या रात्रीच्या वाऱ्याला आडोसा असं तिन्ही एकत्र मिळतं, अशा जागा मोजक्या. माझी मागणी एवढीच आहे, की अशा सहली विकणाऱ्यांनी सातही रात्री बोट कुठे राहील आणि त्याचे अंदाजे किती पडतील हे लेखी द्यावं. आणि आपण पुरवणीत त्या लेखाला ही पुस्ती जोडावी.

मराठी कुटुंबांनी जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर जा. मिल्नाला सकाळी नात जेट्टीच्या टोकाला पाय सोडून बसली होती आणि खालच्या स्वच्छ पाण्यात मासे मोजत होती, ते मी विसरणार नाही. पण माणसं सहाच असतील तर अकरा-बारा मीटरच्या एका सांगाड्याच्या बोटीवर भागतं, आणि तिला जागा पटकन मिळते. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळता आला तर टाळा. पंधरा ऑगस्टला इटलीची मोठी सुट्टी असते, त्या सुमाराला तिकडच्याही बोटी समुद्र ओलांडून येतात. मुलांची शाळा आड येत नसेल तर सप्टेंबर बघा, पाणी तोवर कोमट असतं.

मुलीने यंदा सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरला आहे, आणि बोटीचे पैसे भरण्याआधी तिने सातपैकी पाच रात्रींच्या जागा फोन करून पक्क्या केल्या. उन्हाळ्याच्या बोटी जानेवारी-फेब्रुवारीतच ठरतात, तेव्हा हे पत्र लवकर छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, देवगड