जेलवरचे पट्टे आणि बीएस्सीचे प्रॅक्टिकल: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

लॅक्टेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची ए आणि बी अशी दोन रूपे असतात. ए-चे जनुक कुठे, असे बीएस्सीच्या वर्गात विचारले की उत्तर फटकन येते, ‘11व्या गुणसूत्रावर’. बी-चे? ‘12व्या’. हे कळले कसे, असे विचारले की वर्ग गप्प. जिनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचून कळले असेल, असे एखादी चाचरत सांगते. जिनोम प्रकल्प संपला 2003 साली. हा पत्ता लागला सत्तरच्या दशकात, डीएनए न वाचता.

माणसाची आणि उंदराची पेशी जोडली, की संकरित पेशी वाढताना माणसाची गुणसूत्रे गळत जातात, उंदराची टिकतात. मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी 1967 साली हे दाखवले. येल विद्यापीठात फ्रँक रडल यांच्या गटाने मग अशा पेशी फोडून त्यांतली प्रथिने जेलवर, म्हणजे खळीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर, विजेच्या दाबाने पळवली. माणसाचे आणि उंदराचे एन्झाइम वेगवेगळ्या गतीने सरकते, म्हणून पट्टे वेगळे उमटतात. माणसाचा पट्टा असलेल्या सगळ्या पेशींत जे गुणसूत्र आहे आणि पट्टा नसलेल्यांत जे नाही, जनुक त्यावर. बस, इतकेच!

संकरित पेशी प्रत्येक कॉलेजने वाढवाव्यात असे मी म्हणत नाही, ते झेपणारे नाही. पण खाटकाकडून बोकडाचे हृदय आणि मांडीचे मांस आणता येते. हृदयात या एन्झाइमचे मुख्यतः बी रूप असते, मांडीच्या स्नायूत ए. अर्क जेलवर चालवून रंगाच्या द्रावणात अंधारात ठेवला, की निळे-जांभळे पट्टे हळूहळू गडद होतात: हृदयाचे धन टोकाकडे पुढे, स्नायूचे मागे. सोबत रडल यांच्या पद्धतीचा, पेशी आणि गुणसूत्रांचा तक्ता कागदावर द्यावा आणि जनुक मुलांनीच शोधावे.

आमच्या प्रयोगशाळेतला, जेलला वीज पुरवणारा पॉवर पॅक मात्र फ्यूजसारख्या किरकोळ दोषामुळे बंद पडला आणि तीन कोटेशनच्या फेऱ्यांत अडकून शेवटी डेड स्टॉक रजिस्टरला गेला. प्रॅक्टिकल तेव्हापासून फळ्यावर होते.

अभ्यासक्रम विद्यापीठांची अभ्यास मंडळे ठरवतात, हे ठाऊक आहे. किरकोळ दुरुस्तीचा अधिकार विभागप्रमुखाला देणे मात्र आपल्या हातात आहे. आणि पेशींचा राष्ट्रीय साठा सांभाळणारी केंद्र सरकारची संस्था पुण्यातच आहे. शिक्षकांसाठी तिथे दोन दिवसांचे प्रशिक्षण व्हावे, म्हणून आपण दिल्लीला एक पत्र लिहावे.

आपली,
जनुकशास्त्राची एक प्राध्यापिका