आप्पांचं घड्याळ आता लॉकरमध्ये ठेवायचं नाही

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आप्पांचं सोन्याचं ओमेगा घड्याळ दुरुस्त होऊन तयार झालंय. शनिवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याकडे देते. ते बँकेत परत ठेवायचं नाही, बाबांनी रोज घालायचं. आधी विचारलं असतं तर "कशाला खर्च, मोडीत घातलं तरी चाललं असतं" असं ऐकायला लागलं असतं, म्हणून विचारलंच नाही. आणि मोडीचं म्हणाल तर हिशोब मांडून बघा. नुसती केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची सोन्याची पेटी, दहा-बारा ग्रॅमची. झाकणाच्या आतल्या बाजूला ७५० चा शिक्का आहे, म्हणजे त्यात चोख सोनं शंभरात पंचाहत्तर. सराफ तेवढेच पैसे देईल आणि मशीन कचऱ्यात टाकेल. मशीनवरचा क्रमांक दोन कोटी चाळीस लाखांच्या घरातला आहे, त्यावरून ते १९६६ च्या आसपासचं ठरतं. आप्पांनी ते कसं घेतलं ते तुम्हाला माहीत आहे. मोडीची गोष्ट यापुढे घरात निघू नये.

काय काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण बाबा प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणार.

आतलं मशीन ५५२ नंबरचं, चोवीस ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांचे आस टेकतात ते बारीक खडे), तारीख नसलेलं. तासाला १९,८०० ठोके, म्हणजे दिवसाला पावणेपाच लाख. एवढं पळणाऱ्या वस्तूत तेल वाळलं की धूळ आणि उरलेला चिकटा मिळून त्याचा खरखरीत लगदा होतो आणि तो चाकांचे बारीक आस झिजवतो. आई, तू शिलाई मशीनला तेल दिलं नाहीस तर जे होईल तेच इथे झालं होतं. बॅलन्सचं चाक, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक, पूर्ण चावी दिल्यावर एका बाजूला २७० ते ३०० अंश फिरायला हवं, ते १९० वर आलं होतं. आता २८५ आहे.

त्यासाठी मशीन पूर्ण सुटं केलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण अजून कितीतरी ठिकाणी अख्खं मशीन न उघडता पेट्रोलमध्ये बुडवून काढतात आणि त्यालाच सर्व्हिसिंग म्हणतात. त्याने घाण एका ठिकाणची दुसऱ्या ठिकाणी जाते, उरलंसुरलं तेल धुऊन निघतं, आणि घड्याळ दोन महिने छान चालून पुन्हा बसतं. इथे प्रत्येक भाग वेगळा धुतला आणि जागेनुसार वेगळं तेल दिलं: वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ, जोर येतो तिथे दाट, मेनस्प्रिंगच्या, म्हणजे चावी साठवणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या, डबीच्या भिंतीला खास ग्रीस. मेनस्प्रिंग नवी घातली, कारण जुनीचा ताण गेला होता. रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनाचा, मधला आस आणि त्याची बुश झिजून रोटर डगमगत होतं आणि खाली घासत होतं. बाबा, हात हलवला की "खर्र" असा आवाज येतो म्हणायचात ना, तो हाच. या जातीच्या ओमेगांचं हे ठरलेलं दुखणं आहे. तुमच्या वापरण्यात काही चुकलं नव्हतं.

काच नवी, ॲक्रिलिकचीच. तिच्या मधोमध भिंगातून दिसेल एवढीशी ओमेगाची खूण आहे. क्राउनही, म्हणजे चावी द्यायची बाजूची गुंडी, बदललं, कारण जुन्याचे दाते गुळगुळीत झाले होते आणि तुमच्या बोटांना ते पकडवत नव्हतं. जुने सगळे भाग एका डबीत घालून पाठवतेय. आई, ती डबी आवराआवरीत टाकू नकोस.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही ते. तबकडी रंगवून घेतलेली नाही, आणि केसला पॉलिश मारलेलं नाही. चारच्या आकड्यापाशी तो तपकिरी डाग तसाच आहे. घड्याळजी सरळ म्हणाला, "रंगवून देतो, नवीकोरी दिसेल," आणि मी नको म्हटलं. तबकडीवरची मूळ अक्षरं फार बारीक छापलेली असतात. रंगवलेल्या तबकडीवर ती जाड आणि पसरट येतात, कधी ओळसुद्धा वाकडी. जुन्या घड्याळांच्या जगात अशा रंगवलेल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. पुण्याच्या घरात ते मला चालणार नव्हतं. पॉलिशचंही तसंच. दर वेळी बफच्या चाकावर थोडं सोनं उडून जातं, आधी पट्टा लागतो त्या कानांच्या धारा जातात, मग झाकणावर कोरलेली अक्षरं. आप्पांची अक्षरं आधीच फिकट आहेत. आणि ती डाव्या बाजूची खाच... ती असू दे. तुम्ही ऑफिसमधून आलात की ते घड्याळ माझ्या कानाला लावायचात, तेव्हा तिथे माझं बोट जायचं.

बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते रात्रीतून बंद पडायला लागलं म्हणून तुम्ही "म्हातारं झालं" म्हणून लॉकरमध्ये टाकलंत. तेलाचं कारण होतंच, पण एवढंच नव्हतं. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चावी भरतं. पूर्ण भरलं तर दोन दिवस चालतं, पण दिवसभर खुर्चीत पेपर आणि टीव्ही झाला तर रात्रीपुरतंही भरत नाही. चाळिशीतल्या माणसाचंही बैठ्या कामात असंच होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. उपाय सोपा आहे. रोज सकाळी चहानंतर हाताने चावी द्यायची, वीस-पंचवीस फेरे, क्राउन न ओढता, बाराच्या दिशेने. घड्याळ मनगटावरून काढूनच. हातावर असताना दिलं तर क्राउनच्या दांडीवर तिरका जोर येतो. जास्त चावी बसून तुटेल ही भीती नको, ऑटोमॅटिकची मेनस्प्रिंग भरली की आतल्या आत घसरते. हे काम आईने करायचं. आई, तुझी बोटं अजून चांगली चालतात, आणि तुला विसर पडत नाही. चावी देताना आतलं रोटर गरगर फिरतंय असं वाटलं तर थांब आणि मला फोन कर.

आकाशवाणीच्या टोल्याबरोबर सेकंद जुळवायच्या नादाला लागू नका. या मशीनमध्ये क्राउन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही. सध्या ते दिवसाला सहा सेकंद पुढे जातंय, म्हणजे महिन्याला तीन मिनिटं. एवढं चालायचंच. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्सच्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलंय असं समजा. त्याला दुरुस्ती लागत नाही, घड्याळजी मिनिटभरात यंत्रावर काढून देतो. पण मुळात इंडक्शनच्या शेगडीपाशी, स्पीकरवर आणि तुमच्या मोबाईलच्या त्या चुंबकाच्या कव्हरवर ते ठेवायचं नाही.

पाणी अजिबात नाही, बेसिनपाशीसुद्धा काढून. आई, दागिन्यांबरोबर रिठ्याच्या पाण्यात तर नाहीच नाही. पट्टा काढून मऊ कोरड्या कापडाने पुसायचं, बस. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. दमट राहिलं तर दोन-तीन दिवसांत गंज धरतो. नारळ फोडताना आणि खिळा ठोकताना हातावर नको. आणि बाबा, तुळशीबागेच्या गर्दीत किंवा पीएमपीच्या बसमध्ये बाही खाली ओढून.

फिजिओने सांगितलेले हाताचे व्यायाम घड्याळ घालूनच केलेत तरी चालेल, पण करा. दुपारच्या गोळीचं आई मला सांगतेच.

पट्टा अठरा मिलिमीटरचा चामड्याचा घातलाय, पावसाळ्यासाठी नायलॉनचा वेगळा दिलाय. तुमचं मनगट थोडं बारीक झालंय, म्हणून दोन्ही पट्ट्यांना आतल्या बाजूला एकेक जास्तीचं भोक पाडून घेतलंय. तेच वापरा, घरी सुईने नवं पाडू नका.

तुमची,
मनू