पाच नंबरचा बेड आणि तुझे तीन धडे

सांगली,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू चिडलेला होतास. "आई, उत्सर्जन झालं, रक्ताभिसरण झालं, श्वसन झालं. तिन्ही धडे कोळून प्यायलोय. आणि टेस्टला प्रश्न येतो तो तिन्हींचा मिळून. ही काय पद्धत आहे?" मला हसू आलं, तेवढ्यात तुझी दहा मिनिटं संपली आणि फोन वॉर्डनकडे गेला. लातूरला पोरं घासूनपुसून तयार करतात हे खरं, पण दहा मिनिटांत आईला उत्तर द्यायची सोय नाही तिथं. म्हणून हे पत्र. आज रात्रपाळी आहे, दोनच पेशंट मशीनवर आहेत, दोघंही झोपलेत.

मला डायलिसिस वॉर्डात, म्हणजे किडनीचं काम मशीनवर करून देतात तिथं, सिस्टर म्हणून चौदा वर्षं झाली. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांच्या फायलीवर आजार एकच, दोन्ही किडन्या निकामी. तुझ्या पुस्तकाच्या हिशेबानं यांना फक्त लघवीची तक्रार पाहिजे. पण येतात ते धाप लागते म्हणून, हाडं दुखतात म्हणून, अंगाला खाज सुटते म्हणून, हिमोग्लोबिन सहावर आलंय म्हणून. कुणाला तोंडाला चव नाही, कुणाला रात्री आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. चौदा वर्षांत "सिस्टर, लघवीचं बघा" म्हणत आलेले फार थोडे. धड्यांच्या सीमा पुस्तक छापणाऱ्यानं आखल्यात, अंगात त्या कुठं नाहीत. तुझा पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असावं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट तुला सांगायची राहून गेली. सोम-बुध-शुक्र असे येणारे एक काका आहेत, तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. शुक्रवारी मशीनवरून उतरले की थेट सोमवारी चढायचं. ते मधले दोन दिवस आम्हाला कायम धाकधुकीचे. रविवारी काका बागेत गेले, ऊन लागलं, घशाला कोरड पडली. पाणी मोजून प्यायचं हे त्यांना पाठ. म्हणून पाणी प्यायलेच नाहीत, रस्त्यावर थांबून दोन शहाळी प्यायले.

सोमवारी सकाळी मुलाच्या खांद्यावर भार टाकून आले. "पायात जीवच नाही सिस्टर." वजन केलं, नेहमीसारखंच सव्वादोन किलो वाढलेलं. छाती मोकळी, बीपी ठीक. आणि माझी चूक सांगते, मी थकवा समजले. त्यांना पाच नंबरला बसवलं आणि मशीनच्या नळ्या भरायला वळले. आमच्याकडे नवीनच लागलेल्या पोरीनं सहज विचारलं, "काका, काल काय खाल्लं-प्यालं?" शहाळं हा शब्द कानावर पडला आणि माझे हात जागच्या जागी थांबले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते बाहेर टाकायला काकांकडे किडनी नाही.

ईसीजी काढला. त्यातली टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटची लाट, एरवी छोट्या टेकाडासारखी गोल असते, ती तंबूसारखी टोकदार वर गेलेली. रक्तातलं पोटॅशियम आलं ७.४. साडेतीन ते पाच असायला हवं. डॉक्टर धावत आले. आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. काकांचा मुलगा घाबरून माझ्या मागं लागला, "अहो, पप्पांना शुगर नाही, इन्सुलिन कशाला देताय?"

त्याला तेव्हा नीट सांगायला वेळ नव्हता. तुला सांगते.

पोटॅशियमची जागा पेशीच्या आत. अंगातलं ९८ टक्के तिथंच असतं, बहुतेक स्नायूंमध्ये. रक्तात फिरतं ते उरलेलं चिमूटभर, आणि हृदयाचा ठोका त्या चिमटीच्या मापावर चालतो. आता तू सकाळी मेसमध्ये दोन केळी खातोस. त्यांतलं पोटॅशियम आतड्यातून रक्तात उतरतं. किडनी जास्तीचं टाकून देते, पण तिला काही तास लागतात. तेवढा वेळ हृदयानं काय करायचं? तर केळ्यातली साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. साखर पेशीत घालायचं त्याचं काम तुला माहीत आहे. पण त्याच फेरीत ते पोटॅशियमही स्नायूंच्या पेशींत ढकलतं. तिकडं किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना रक्तातलं वाढतं पोटॅशियम कळतं, त्या अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडून किडनीला कामाला लावतात. स्नायू तोवर माल सांभाळतात, सावकाश परत देतात, किडनी तो बाहेर घालवते. तुला यातलं काहीच जाणवत नाही, तू बस पकडायला पळत असतोस.

डॉक्टरांनी काकांना नेमकं हेच मुद्दाम करून दिलं. किडनी नाही, तर मशीन लागेपर्यंत निदान स्नायूंत लपवा. आणि कॅल्शियमनं पोटॅशियम जराही उतरत नाही बरं का. ते फक्त हृदयाच्या स्नायूला थोडा वेळ आवरून धरतं. इथं पोरं मार्क घालवतात, आणि वॉर्डात नवीन सिस्टरही गोंधळतात.

काका वाचले. दुपारी डबा खाताना मला अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "पण मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता हो." आता कुणी पेशंटला बघायला शहाळं घेऊन आलं की मी दारातच अडवते. शेजारच्या वॉर्डात तेच शहाळं औषध असतं, त्यामुळे नातेवाईक मला खडूस समजतात. समजोत.

मशीनवर माणूस असताना आम्ही आणखी एका गोष्टीवर नजर ठेवतो, ती म्हणजे जांभई. बीपीचा पट्टा दर अर्ध्या तासानं फुगतो, पण त्याच्या आधी पेशंट जांभई देतो. एक दिली तर मी मान वळवते, दुसरी दिली तर उठते. बीपी खाली चाललंय. मग पाठोपाठ पोटरीत गोळा येतो, घाम फुटतो.

हे का होतं ते बघ. चार तासांत समज तीन लिटर पाणी काढायचंय. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर, त्यातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर. म्हणजे आम्ही रक्तातलं सगळंच पाणी काढून घेणार की काय? तर नाही. मशीन रक्तातून ओढतं आणि पायाच्या सुजेतलं, मांसातलं पाणी झिरपत रक्तात येत राहतं. आमची ओढ त्या झिरपण्यापेक्षा जास्त झाली की रक्तवाहिन्यांतला दाब पडतो. मानेतल्या धमनीत दाब मोजणाऱ्या चेता असतात, त्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला वेग वाढवायला लावतो आणि हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतो. म्हणून हात गार पडतात. जुना मधुमेह असलेल्यांच्या चेता बोथट झालेल्या असतात, निरोपच पोचत नाही, आणि त्यांचं बीपी दाणकन खाली येतं. किडनी गेली साखरेनं, आणि किडनीचं काम करणाऱ्या मशीनवर टिकाव लागत नाही तोही साखरेनं निकामी केलेल्या चेतांमुळं.

आणि यातच पोह्यांचा डबा येतो. सकाळी पाचला घर सोडून आलेला माणूस दोन तासांनी डबा उघडणारच. पोटात अन्न पडलं की रक्त आतड्याकडं वळतं, आधीच तोकडं झालेलं रक्त आणखी वाटलं जातं, आणि दहा मिनिटांत जांभई. यावरून माझी आणि पेशंटच्या बायकांची रोज वादावादी. मी म्हणते, मशीन सुटल्यावर खा. त्या म्हणतात, उपाशी माणसाला किती ताटकळत ठेवता? दोघींचंही बरोबर आहे. बीपी पडलं की आम्ही डोकं खाली, पाय वर करतो, पाणी ओढणं थांबवतो, थोडं सलाईन सोडतो. कधी कधी मशीनच्या द्रावणाचं तापमान अर्धा अंश उतरवतो. गार वाटलं की कातडीतल्या वाहिन्या आवळतात आणि दाब टिकतो. पेशंट कुडकुडतो, चादर मागतो. थंडी वाजणं आणि बीपी यांचा संबंध तुझ्या कुठल्या धड्यात आहे ते मला कळव.

रक्ताचं सांगते. फिकट पडलेल्या पेशंटला त्याची बायको बीट, खजूर, गूळ खाऊ घालते, रक्त वाढावं म्हणून. वाढत नाही. लोह कमी असतंच असं नाही, मुळात हुकूमच सुटत नाही. लाल पेशी अस्थिमज्जेत बनतात, पण किती बनवायच्या हे किडनी ठरवते. तिच्यातून हृदयाच्या दर ठोक्यातलं जवळपास पाचवा हिस्सा रक्त जातं, त्यात प्राणवायू कमी वाटला की ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि हाडांच्या पोकळीत कामाला जोर येतो. लडाखला काही आठवडे राहिलेल्या जवानाचं हिमोग्लोबिन वाढतं ते यामुळं. पहिलं चालतं डायलिसिस मशीन विलेम कोल्फ या डॉक्टरनं १९४३ मध्ये हॉलंडात बनवलं, जर्मन फौजा गावात असताना, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाला गुंडाळून. सुरुवातीचे जवळपास सगळे पेशंट गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. पण ती नुसती गाळणी झाली. किडनीचा हुकूम बाटलीत भरायला पुढं चाळीसेक वर्षं गेली. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनला अमेरिकेत परवानगी मिळाली १९८९ मध्ये. तोवर डायलिसिसच्या पेशंटला रक्ताच्या बाटल्या चढवत राहायचं, दुसरा फारसा इलाज नव्हता. आणि बीट-खजूर आमच्या पेशंटला उलट घातक, पोटॅशियम आलंच त्यात.

हाडांचं थोडक्यात लिहिते, ते पाठ करशील तू. उन्हानं कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्यावर एक हात यकृतात फिरतो, दुसरा किडनीत, तेव्हा कुठं ते आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं. किडनीचा हात नाही फिरला, तर कॅल्शियम पडतं, आणि गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी हाडं झिजवून ते भरून काढतात. म्हणून माझ्या पेशंटचे गुडघे दुखतात. तुझी आजी म्हणते वय झालं. माझ्या एका पेशंटचं वय एकतीस आहे.

धाप मात्र नीट समजून घे, प्रश्न त्यावरच येतो. रोजच्या जेवणातून, चालण्यातून अंगात आम्ल तयार होत राहतं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या आत ठेवायचा असतो. फुप्फुसं ते काम मिनिटांत करतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून. किडनीला दिवस लागतात, पण फुप्फुसांना जे फेकता येत नाही ते आम्ल तीच टाकते. किडनी बसली की फुप्फुसं एकटी पडतात आणि खोल, भराभर श्वास सुरू होतो. छाती साफ, न्यूमोनिया नाही, दमा नाही, तरी माणूस धापा टाकतोय. नवीन डॉक्टर छातीचा एक्स-रे बघत बसतात. शिवाय पाणी साठून फुप्फुसात उतरलं की वेगळीच धाप, तीत आडवं होता येत नाही. धाप सारखीच दिसते, कारणं दोन. पेशंट बसलाय की झोपलाय तेवढं आधी बघायचं.

आठवड्याचे तास १६८. त्यांतले बारा तास आमचं मशीन चालतं. उरलेल्या १५६ तासांत बाकीचे अवयव किडनीवाचून रेटून नेतात, थकतात, कुरकुरतात, पण नेतात. चौदा वर्षांत मला या मशीनचं जेवढं कौतुक वाटलं नाही तेवढं त्यांचं वाटतं.

तुला आठवतं का, तू दुसरीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर आला होतास? एका आजोबांच्या मनगटावर हात ठेवून ओरडलास, "आई, यांच्या हातात मोबाइल व्हायब्रेट होतोय!" तो फिस्टुला होता, मशीनच्या सुया टोचायला धमनी शिरेला जोडलेली. आजोबा हसले होते, म्हणाले, "बंद पडला तर सांग हं मला." आजही मी पाळी सुरू करताना प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून ती थरथर बघते.

आता तुझ्यासाठी एक प्रश्न. गेल्या महिन्यात तुला दोन दिवस उलट्या झाल्या. पोटातलं आम्ल बाहेर गेलं. म्हणजे रक्त कुठल्या बाजूला कललं? तुझा श्वास वाढला असेल की मंदावला? लघवी कमी का झाली आणि गडद का? नाडी का पळत होती? आणि दुसऱ्या दिवशी हातापायांत त्राण नव्हतं, ते नुसतं उपाशी राहिल्यानं की पोटॅशियमही गेल्यानं? गेलं असेल तर उलटीतून गेलं की लघवीतून? शेवटचा अवघड आहे. रविवारच्या दहा मिनिटांतली पहिली पाच मला या उत्तरांसाठी हवीत. सरांना विचारायचं नाही.

भडंग आणि बेदाणे पाठवलेत. बेदाणे काकांच्या बागेतले, त्यांना स्वतःला खायला बंदी आहे म्हणून दोन किलो माझ्या हातात कोंबले. खोलीतल्या पोरांना दे. बाबा गुरुवारी घरपट्टी भरायला रजा काढणार आहेत, जमलं तर तिथून तुझ्याकडं येतील.

तीन नंबरनं जांभई दिली. थांबते.

तुझी,
आई